मारुती ८०० (१९९८): इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागतो, इंजिन उघडण्याआधी काय तपासावे?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

नमस्कार. माझ्याकडे १९९८ सालची कार्ब्युरेटरची मारुती ८०० आहे. मीटरवर एक लाख चाळीस हजार किलोमीटर झाले असून इंजिनाचे मोठे काम आजवर निघालेले नाही. कुंभार्ली घाटाने कराडला माझे नेहमी जाणे-येणे असते. अलीकडे असे होऊ लागले आहे, की पोफळीहून घाट चढून हेळवाकला पोहोचलो आणि चहासाठी थांबताना गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन ज्या किमान गतीने फिरते तिच्यावर) आली, की डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला लाल दिवा मिणमिणू लागतो. ॲक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवला की तो लगेच विझतो. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मात्र दिवा जवळजवळ तत्काळ जातो आणि पहिले दहा-पंधरा किलोमीटर पुन्हा दिसत नाही.

डिपस्टिकवर तेल दोन्ही खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ आहे. तापमानाचा काटा नेहमीच्या जागी असतो. खालून ठोके ऐकू येत नाहीत. रॉकरची बारीक टकटक सकाळी थोडा वेळ येते, पण ती पूर्वीपासूनच आहे. पावसाळ्यापूर्वी एका गॅरेजमध्ये ऑइल आणि फिल्टर बदलून घेतला होता आणि दिवा लागण्याचा प्रकार त्यानंतरचा आहे.

एका मिस्त्रींनी सांगितले की स्विच खराब झाला आहे, तो बदलला की काम संपले. दुसऱ्यांनी गाडी नुसती ऐकून हाफ इंजिनचे, म्हणजे इंजिनाचा खालचा भाग उघडून करायचे मोठे काम सांगितले. एकाचे ऐकले तर शंभर-दोनशे रुपयांत भागते आणि दुसऱ्याचे ऐकले तर गाडीच्या आजच्या किमतीइतका खर्च होतो. या दोन टोकांच्या मध्ये खरे काय ते इंजिन न उघडता कसे ठरवावे, आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही, याचे मार्गदर्शन हवे आहे. गाडी विकायची नाही. नोंदणीचे नूतनीकरण करून ती अजून काही वर्षे वापरायची आहे.


उद्यमनगरी (कोल्हापूर):

आपण सर्व लक्षणे व्यवस्थित लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. शिवाजी उद्यमनगरात माझे मशीन शॉप आहे आणि क्रँक ग्राइंडिंगसाठी (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, घासून नीट करण्यासाठी) जी इंजिने आमच्याकडे येतात, त्यांतली बरीचशी लाल दिव्याकडे दुर्लक्ष झाल्यामुळेच आलेली असतात. म्हणून आधी गाडी चालवण्याविषयी लिहितो. चालत्या गाडीत, वेग असताना हा दिवा पेटला तर पुढचा पंप किंवा गॅरेज येईपर्यंत गाडी चालवत राहू नये; गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. बेअरिंगचे शेल (क्रँकशाफ्टला आधार देणाऱ्या अर्धगोल पातळ वाट्या) आणि क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा जो थर असतो तो दाबाखाली टिकून असतो. तो तुटला की धातूवर धातू घासतो आणि काही मिनिटांत क्रँकवर कायमचे ओरखडे पडतात. आपला दिवा फक्त तापलेल्या इंजिनावर आणि स्लोवर मिणमिणतो, म्हणजे परिस्थिती इतकी गंभीर नाही. तरीही निदान होईपर्यंत घाटात जाऊ नये असेच मी म्हणेन.

आता स्विचविषयी. या गाडीत दिव्याला जो स्विच जोडलेला आहे तो दाब मोजत नाही. तो फक्त एका ठराविक दाबाच्या खाली सर्किट जोडतो आणि वर तोडतो. बहुतेक गाड्यांत हा दाब साधारण ०.३ ते ०.५ बार एवढाच असतो. याचा अर्थ असा, की दिवा लागत नाही म्हणून दाब चांगला आहे असे मुळीच सिद्ध होत नाही. दाब असायला हवा त्याच्या निम्म्यावर आला तरी दिवा गप्पच राहतो. उलट, दिवा लागला म्हणजे दाब अगदी तळाशी गेला आहे, नाहीतर स्विच किंवा वायर खोटे बोलत आहे. या दोन शक्यतांपैकी कोणती खरी, हे दोन सोप्या गोष्टींनी कळते.

पहिली गोष्ट आपण घरीही करू शकता. इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा. दिवा लागलाच पाहिजे. आता स्विचवरची एकच वायर ओढून काढा आणि तिचे टोक कुठेही लागणार नाही असे धरा. दिवा विझायला हवा. विझला नाही, तर ती वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागते आहे आणि इंजिनाचा काही संबंध नाही. विझला, तर वायर निर्दोष आहे आणि प्रश्न स्विच किंवा दाब एवढ्यापुरता उरतो.

दुसरी गोष्ट म्हणजे स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल प्रेशर गेज लावणे. हे केल्याशिवाय स्विचही बदलू नका आणि इंजिनही उघडू नका. तुम्हाला सल्ला देणाऱ्या दोघांनीही नेमका हाच टप्पा वगळला आहे. जपानी घडणीच्या बऱ्याच इंजिनांत स्विचचे आटे १/८ इंची बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे निमुळते) असतात. बाजारातल्या गेजबरोबर अनेकदा एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यांचा ॲडॉप्टर येतो. तो दोन फेरे सहज जातो आणि मग अडतो. तो पान्ह्याने रेटला तर ब्लॉकमधले आटे खराब होतात, म्हणून योग्य ॲडॉप्टर मागून घ्या. स्विच परत बसवताना टेफ्लॉन टेप कमीच गुंडाळा, कारण स्विचचे अर्थिंग त्याच्या आट्यांतूनच होते. टेप जास्त झाली तर दाब गेला तरी दिवा लागणारच नाही, आणि ते अधिक धोक्याचे आहे.

मोजमाप गार इंजिनावर एकदा घ्या, पण निर्णय त्यावर करू नका. निदान वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून तेल पूर्ण तापल्यावर स्लोवरचा आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांवरचा आकडा लिहून ठेवा. या गाडीला आरपीएम मीटर नाही, तेव्हा मिस्त्रींकडचे ट्यूनिंगचे मीटर जोडून घ्यावे लागेल. ते जोडलेच आहे तर स्लो किती आहे तेही पाहा. ८५०-९०० ऐवजी स्लो ६०० वर उतरलेला असेल तर ऑइल पंपही तितकाच हळू फिरतो आणि ठीकठाक इंजिनाचासुद्धा दिवा मिणमिणू शकतो. अंदाज म्हणून दर १००० फेऱ्यांमागे १० पीएसआय, म्हणजे चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.७ किलो (जवळजवळ तितकेच बार), हा जुना ठोकताळा चालतो. सुझुकीच्या या पिढीतल्या छोट्या इंजिनांकडून तापल्यावर ३००० फेऱ्यांना ३ किलोच्या आसपास अपेक्षा ठेवायला हरकत नाही.


सह्यगिरी (सातारा):

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एक मुद्दा सुटू नये म्हणून लिहितो. प्रश्नकर्त्यांनी स्वतःच म्हटले आहे की दिवा ऑइल बदलल्यानंतर लागू लागला. तेव्हा कोणत्या ग्रेडचे तेल घातले आहे, हे बिलावर किंवा गॅरेजमध्ये विचारून आधी पाहावे. हल्ली बहुतेक गॅरेजमध्ये नव्या गाड्यांसाठी ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० चा मोठा ड्रम असतो आणि येईल त्या गाडीत तेच भरले जाते. तेलाच्या ग्रेडमधला दुसरा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा सांगतो. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडचे तेल ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स (दाटपणाचे एकक), ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३ आणि ५० ग्रेडचे १६.३ ते २१.९ असते. म्हणजे २०डब्ल्यू-५० वर आयुष्य काढलेल्या इंजिनात ५डब्ल्यू-३० घातले की तापल्यावरचा दाटपणा जवळजवळ निम्म्यावर येतो. नव्या इंजिनातल्या फटी इतक्या बारीक असतात की त्याला हे तेल पुरते. सव्वा-दीड लाख किलोमीटर धावलेल्या इंजिनाला ते पुरेलच असे नाही.

दुसरे म्हणजे डिपस्टिक बाहेर काढून तिचा वास घ्या. आपल्या गाडीचा पेट्रोल पंप मेकॅनिकल आहे, इंजिनावरच बसवलेला. त्याचा डायफ्रॅम चिरला तर पेट्रोल थेट चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भांड्यात) झिरपते आणि तेल पातळ होते. अशा वेळी पातळी कमी व्हायच्या ऐवजी हळूहळू वाढते, त्यामुळे डिपस्टिक पाहणाऱ्याला सर्व काही उत्तम असल्यासारखे वाटते. तुमची पातळी वरच्या खुणेच्या जवळ आहे असे वाचले म्हणून ही शंका आली. तेल बदलले तेव्हा पातळी कुठे होती हे आठवत असेल तर ताडून पाहा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल तर बाकीचे सर्व बाजूला ठेवून आधी तो पंप बदलावा. तेलाचा रंग ताकासारखा झाला असेल तर हेड गॅस्केटमधून पाणी मिसळत आहे आणि ते बेअरिंगला पेट्रोलपेक्षाही वाईट.


खानदेशी चालक (जळगाव):

माझ्याकडेही याच काळातली ८०० आहे. तिचाही दिवा उन्हाळ्यात लागत असे. आमच्या मिस्त्रींनी २०डब्ल्यू-५० घालून वर तेल दाट करणारे एक ॲडिटिव्ह टाकले आणि त्यानंतर दिवा लागलेला नाही. इतक्या जुन्या गाडीसाठी गेज, मीटर आणि इतकी तपासणी करण्याची खरोखर गरज आहे का? दिवा विझला की झाले, असे माझे प्रामाणिक मत आहे.


उद्यमनगरी (कोल्हापूर):

आपल्या गाडीत केवळ झिजेमुळे दाब कमी झाला असेल तर दाट तेलाने तो काही काळ सावरेल, हे मान्य आहे. पण दिवा विझणे याचा अर्थ दाब ०.३ वरून ०.६ वर आला एवढाच असू शकतो. शिवाय दाब कमी होण्याचे कारण झीज नसून चेंबरमधल्या जाळीवर (जिच्यातून ऑइल पंप तेल ओढतो) साचलेला गाळ असेल, तर तेल दाट केल्याने ते जाळीतून आणखी कष्टाने ओढले जाते, विशेषतः सकाळी गार असताना. कारण माहीत नसताना दिलेले औषध लागू पडेल किंवा उलटेल, हे आधी सांगता येत नाही. म्हणून माझी आपल्यालाही विनंती आहे की एकदा गेज लावून आकडा पाहावा. तासाभराचे काम आहे.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने तपासणी केली. वायर काढल्यावर दिवा विझला, म्हणजे वायर चांगली आहे. तेलाला पेट्रोलचा वास नाही आणि रंगही ठीक आहे. गॅरेजमध्ये विचारल्यावर ५डब्ल्यू-३० घातल्याचे कळले; सह्यगिरी यांचा तर्क बरोबर ठरला. ट्यूनिंगचे मीटर लावले तेव्हा स्लो ६५० निघाला.

आहे त्या तेलावर, पूर्ण तापलेल्या इंजिनाचे आकडे असे आले: स्लोवर ०.३ किलो आणि ३००० फेऱ्यांना १.७ किलो. म्हणजे स्विच खरेच सांगत होता. त्यानंतर स्लो ९०० वर आणला, तेल काढून २०डब्ल्यू-५० भरले, फिल्टर नवा घातला आणि पुन्हा तितकेच अंतर चालवून मोजले. आता स्लोवर ०.७ किलो आणि ३००० ला २.३ किलो येतात. दिवा अजिबात लागत नाही.

मात्र एक गोष्ट मिस्त्रींच्या आणि माझ्याही लक्षात आली. ३००० फेऱ्यांवर ॲक्सिलरेटर तसाच धरून ठेवला, तर काटा आधी २.३ वर जातो आणि मग हळूहळू १.९ पर्यंत खाली येतो. इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू केले की तो परत २.३ दाखवतो. याचा काही अर्थ आहे का? की आता इथेच थांबावे?


उद्यमनगरी (कोल्हापूर):

इथे थांबू नका. ही शेवटची नोंद आपण केली नसती तर मीही आपल्याला लक्ष ठेवून गाडी चालवा असे सांगितले असते. स्लोवरचा ०.७ मला फारसा खटकत नाही. ५० ग्रेडचे तेल असूनही ३००० ला दाब ३ च्या जवळ जात नाही आणि फेरे धरून ठेवल्यावर उतरत जातो, हे खटकते.

बेअरिंग झिजले असतील तर तापल्यावर स्लोवर दाब पडतो, पण फेरे वाढले की पंपाचा पुरवठा वाढून दाब सावरतो आणि तिथे स्थिर राहतो. प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडून देणारी झडप) कचऱ्यामुळे उघडा अडकला असेल तर सर्वच फेऱ्यांवर दाब कमी असतो आणि गार इंजिनावरही तो फारसा चढत नाही. तेलाची पातळी कमी असेल तर वळणावर आणि चढावर दिवा चमकून जातो. आणि जाळी तुंबली असेल तर नेमके आपल्याकडे दिसते तसे होते: पंप जितके तेल मागतो तितके जाळीतून येत नाही, त्यामुळे जास्त फेऱ्यांवर दाब उतरत जातो, आणि इंजिन बंद केल्यावर ओढ संपून जाळीवरचा गाळ सुटून खाली बसला की पुन्हा थोडा वेळ बरे वाटते. तेव्हा चेंबर उतरवून जाळी पाहणे आवश्यक आहे. वरून इंजिन फ्लश टाकून गाळ विरघळवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. सुटलेला गाळ जाळीकडेच जातो.

चेंबर उतरवलाच आहे तर बेअरिंगही पाहून घ्या, कारण पुन्हा तेवढ्यासाठी तो उतरवायला नको. तीन सिलिंडरच्या या इंजिनाला चार मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये टेकतो तिथली) आणि तीन बिग एंड (पिस्टनचे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतात तिथली) आहेत. एका वेळी एकच कॅप सोडवा, कॅपची दिशा आणि क्रमांक खुणा करून ठेवा. शेलवर फक्त राखाडी थर एकसारखा दिसत असेल तर उत्तम. तांबूस रंग वर आला असेल तर वरचा थर संपला आहे. फट मोजण्यासाठी प्लास्टिगेजची (दाबल्यावर चपटी होणाऱ्या मऊ प्लास्टिकची) बारीक तार जर्नलवर (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर) ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, मग कॅप काढून चेपलेल्या तारेची रुंदी पट्टीशी जुळवायची. छोट्या इंजिनांत नवी फट साधारण ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर असते. ती ०.०८ कडे गेली तर ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण फटीतून निसटणारे तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. झीज डोळ्यांना दिसण्याआधी ती गेजवर दिसते ती यामुळेच.

जर्नलवर नख आडवे फिरवून पाहा. नख कुठे अडकले नाही आणि मायक्रोमीटरने माप गोल व मर्यादेत आले, तर क्रँक ग्राइंड करण्याची गरज नाही. स्टँडर्ड मापाचे नवे शेल पुरतात. नख अडकले तर मात्र क्रँक बाहेर काढून १० नंबर अंडरसाइज (घासून ठरलेल्या मापाने बारीक) करावा लागेल आणि तेव्हा हाफ इंजिन म्हणणारे मिस्त्री बरोबर ठरतील. ऑइल पंप टायमिंग बेल्टच्या मागे, क्रँकच्या पुढच्या टोकावर आहे. बेल्ट बदलायला आलाच असेल तर त्याच वेळी पंपाचे रोटर आणि रिलीफ व्हॉल्व्ह पाहून घ्यावेत, नाहीतर केवळ त्यासाठी एवढी उघडझाप करू नये. पंप उघडला तर बसवताना त्यात तेल भरून बसवा. कोरडा पंप सुरुवातीला तेल ओढत नाही.


वाशिष्ठीकाठ (चिपळूण):

काम पूर्ण झाले. पुढे कोणाला उपयोगी पडावे म्हणून निष्कर्ष लिहितो.

चेंबर उतरवला तेव्हा जाळीचा निम्म्याहून अधिक भाग बुजलेला होता. काळा गाळ होताच, पण त्यात गॅस्केटच्या करड्या सिलिकॉनचे शेवयांसारखे लांब तुकडे अडकलेले होते. पूर्वी कधीतरी चेंबर बसवताना कोणीतरी सिलिकॉन मोकळ्या हाताने लावला असावा. आतल्या बाजूला बाहेर आलेला मणी सुटून तेलात पडतो आणि पंपाची ओढ त्याला जाळीवर आणून चिकटवते. मिस्त्रींनी या वेळी दोन्ही कडा स्वच्छ करून सिलिकॉनची बारीक रेघ बोल्टच्या आतल्या बाजूने दिली आणि पूर्ण सुकल्यावरच तेल भरले.

चारपैकी मधल्या दोन मेन बेअरिंगच्या खालच्या शेलवर तांबूस पट्टा दिसत होता. बिग एंडचे शेल राखाडीच होते. प्लास्टिगेजवर मेनची फट ०.०६ च्या आसपास आली. जर्नलवर नख अडकले नाही, माप मर्यादेत होते, म्हणून क्रँक काढला नाही. सातही ठिकाणी स्टँडर्ड शेल नवे घातले. टायमिंग बेल्ट बदलायचाच होता, त्यामुळे पंपही पाहिला. रोटर चांगले होते, रिलीफ व्हॉल्व्हचा पिस्टन सहज सरकत होता, तो फक्त धुऊन बसवला.

२०डब्ल्यू-५० वरच, पूर्ण तापलेल्या इंजिनाचे नवे आकडे: स्लोवर १.३ किलो आणि ३००० ला ३.३ किलो. ३००० वर धरून ठेवले तरी काटा हलत नाही. गेज काढून स्विच परत बसवला आहे, तोच जुना. कुंभार्ली घाट चढून हेळवाकला मुद्दाम इंजिन स्लोवर चालू ठेवून पाहिले, दिवा लागला नाही.

आता एकच विचारायचे आहे. नवे शेल घातल्यामुळे पहिले तेल लवकर बदलावे का?


उद्यमनगरी (कोल्हापूर):

होय. पहिले तेल आणि फिल्टर हजार किलोमीटरला बदला. तेल काढताना ते स्वच्छ पांढऱ्या भांड्यात काढून उन्हात धरून पाहा आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघा. बारीक चंदेरी चकाकी थोडी दिसेल, ती नव्या शेलची आहे आणि काळजीचे कारण नाही; तांबूस कण किंवा नखाला टोचतील असे तुकडे दिसले तर गाडी न चालवता इथे कळवा. त्यानंतर नेहमीच्या अंतराने बदल चालू ठेवा. चेंबरमध्ये सिलिकॉनचे आणखी तुकडे कुठे दडून राहिले असतील तर तेही याच काळात वर येतील, म्हणून हजार किलोमीटरला एकदा गेज लावून ३००० वर काटा स्थिर राहतो का ते पुन्हा पाहून घ्या.